न धरणारं बांडगूळ

झाडावर चढणाऱ्या माणसाचं वय चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नये, फसायला होतं. त्याचे तळवे पाहावेत. आकडीनानांचे तळवे सालीसारखे झाले होते, राखट, भेगाळलेले, आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून इतका फाकलेला की कुठल्याच चपलेत तो पाय मुकाट्याने बसत नसे. साठी उलटून तीन वर्षं झाली होती. तरी बागेचे साहेब दर वर्षी त्यांची नोकरी एकेका वर्षाने वाढवून घेत. शेंड्याला लागलेलं बांडगूळ झाडाला इजा न करता काढील असा दुसरा माणूस त्यांना सापडला नव्हता.

आकडी म्हणजे लांब काठीच्या टोकाला बसवलेलं वाकडं पातं. नाना ती खांद्यावर टाकून निघाले की लोकांना आधी पातं दिसे, मग नाना दिसत. म्हणून आकडीनाना. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

बाग फुलांची नव्हती, झाडांची होती. जुनी, मोठी, उंच भिंतीतली. येणाऱ्या-जाणाऱ्याने हरखून जावं असं तिच्यात काही नव्हतं. झाडांनी निवांत म्हातारं व्हावं, एवढ्याचसाठी ती राखली होती. कामगारांनी झाडांना आपापसात नावं ठेवली होती. कचेरीच्या छपरावर कललेला तो म्हातारा. फाटकाजवळचे तिघे भाऊ. मागच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीवर सावली धरून उभा तो उंचाडा. ही पाचही झाडं एकाच जातीची, राखेच्या रंगाच्या सालीची.

बांडगूळ कसं जगतं हे नानांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांच्या वडिलांचाही हाच धंदा. बांडगुळाला माती लागत नाही. पाखरू त्याचं फळ खातं, पण बी पोटात ठरत नाही. चिकट तारेसारखं बाहेर येतं, आणि पाखरू ते अंगावेगळं व्हावं म्हणून फांदीला बूड घासतं. घासलं तिथे बी चिकटलं. मग त्यातून हिरवा कोंब निघतो, वर उजेडाकडे न जाता खाली वाकतो, सालीवर टेकतो आणि आत शिरतो. तिथून पुढे जे पाणी पिईल ते झाडाचं. पानं स्वतःची, पण तहान दुसऱ्याच्या जिवावर. वरवर छाटलं तर पुन्हा फुटतं, कारण मूळ लाकडात असतं. म्हणून बसकेच्या, म्हणजे बांडगूळ फांदीला जिथे धरून बसतं त्या गाठीच्या, वीतभर खालून फांदीच उतरवावी लागते. नाना हे काम असं करत की चीक गळायचा थांबला की झाडाला आपलं काही गेलं हे आठवूही नये. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत.

भिंतीला लागून दोन खोल्या होत्या. तिथे नाना आणि त्यांची थोरली बहीण राहत. नानांची बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. अक्का रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरण्याचं काम करायची. आता हात थरथरायचे, पण बसल्या जागी भरायचीच. तिची जीभ मात्र थरथरत नसे.

"आलास का रे? किती जणांचा गळा कापलास आज?" ही तिची रोजची विचारपूस.

"चौघांचा."

"बरं झालं. हात धू आणि जेव. कापणाऱ्याला भूक फार लागते."

अकरा वर्षांपूर्वी बागेत एक बाई आल्या. झाडांवर अभ्यास करणाऱ्या. बारीक, चष्मेवाल्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता हातांकडे बघणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नानांना बोलावलं आणि कागदावर चिकटवलेली एक सुकी डहाळी पुढे ठेवली. जाडसर पानं, आणि पानांच्या बगलेत काचेच्या मण्यांसारखी पांढरट, आरपार दिसणारी फळं. राखट सालीच्या झाडांवरच येणारं हे बांडगूळ. कामगार त्याला काचमणी म्हणत.

"नाना, हे बांडगूळ आता बाहेर कुठेच उरलेलं नाही," बाई म्हणाल्या. "सगळीकडे कापून टाकलं. फक्त या बागेत आहे. हे राखायचं."

बांडगूळ राखायचं! तीस वर्षं उंदीर मारणाऱ्याला उंदीर सांभाळायला सांगावं तसं ते होतं. नाना हसले नाहीत. हुकूम तो हुकूम. त्यांनी डहाळी नीट पाहून घेतली आणि त्या दिवसापासून काचमणी राखायला लागले.

पण राखायचं म्हणजे काय, हे प्रत्येक धंद्यात वेगळं असतं. वेल सांभाळणारा माणूस न धरणाऱ्या फांद्या काढतो, म्हणजे धरत्या फांदीला रस पोचतो. नानांनी तेच केलं. काचमण्याचे काही झुपके दर वर्षी मण्यांनी लगडत. काही नुसतेच हिरवे माजलेले, एक मणी नाही. नाना त्यांना खाऊन सुस्त पडलेले म्हणत. एका झाडाचं पाणी किती जणांनी प्यायचं? न धरणारे झुपके त्यांनी एकेक करून उतरवले, अगदी मायेने, वीतभर खालून. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही. चांगल्या कामगाराला सांगावं लागत नाही, असं त्यांना वाटे.

दोन-तीन वर्षं मणी खूप आले. नंतर कमी होत गेले. मग मूठभर. मग बोटावर मोजण्याइतके. तिघा भावांवरचे झुपके वाळून गेले आणि नवे उगवले नाहीत. शेवटी म्हाताऱ्यावरचे तीन झुपके राहिले, पानांनी भरलेले, फळाविना; पूर्वी ते मण्यांनी लगडत, म्हणून नानांनी त्यांना हात लावला नव्हता. बाईंनी हवा तपासली, धूर तपासला, डासांसाठी मारतात त्या औषधाला दोष दिला, त्यावर मोठे लेख लिहिले. नाना शिडी धरून उभे राहत आणि मान हलवत. हवा बिघडली होती हे त्यांनाही पटलं होतं.

आणि मग म्हाताऱ्याचं लाकूड आतून पोकळ झाल्याचं निघालं. साहेबांनी कागद काढला: पावसाच्या आत झाड उतरवायचं, नाहीतर कचेरीच्या छपरावर येईल. झाड गेलं की तीन झुपके गेले. तीन झुपके गेले की काचमणी संपलं, इथलंही आणि जगातलंही. या फुलोऱ्यात मणी धरले, पिकले, त्यांचं बी दुसऱ्या झाडावर लागलं तर वाचेल, नाहीतर नाही. एवढं ते सरळ होतं.

थंडी सरत आली तेव्हा फुलं उमलली. फुलं म्हणायची ती रीत म्हणून. ज्वारीच्या दाण्याएवढी हिरवट गाठ, तिला कोण फूल म्हणेल? बाईंनी त्या वर्षी तिन्ही झुपक्यांवरचं एकेक फूल भिंगाखाली घातलं. चार दिवस त्या टेबलावरून उठल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी नानांना आत बोलावलं.

"डोळा लावा इथे. काय दिसतं?"

नानांनी डोळा लावला. "गाठ दिसते. मध्ये ओलसर बटण."

"ते बटण म्हणजे मादीची जागा. पराग तिथे चिकटायला हवा. आता हे चित्र बघा. याच्या एका भावकीतल्या जातीचं आहे. पाकळीच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी भोकं, त्यात पिवळी भुकटी. तो नर." बाईंनी चष्मा काढून पुसला. "जुन्या पुस्तकात लिहिलंय की आपल्या काचमण्याच्या एकाच झुपक्यावर दोन्ही फुलं येतात. मी अकरा वर्षं त्यावर विसंबले. पुस्तक चुकलंय, नाना. तिन्ही झुपके मादी आहेत, नर फूल एकही नाही. म्हणजे यांच्यात नराचं झुडूप वेगळं असतं. त्याला फळ कधीच येत नाही. पण तो नसला तर मादीलाही येत नाही."

नाना भिंगावरून डोळा काढायला विसरले.

"मला फक्त एक कळत नाही," बाई म्हणाल्या. "नर गेले कुठे?"

बाहेर कुणीतरी पानं झाडत होतं. नाना म्हणाले, "शिडी बाहेरच राहिली बाई, बघून येतो," आणि उठून गेले. शिडी बाहेर नव्हती. शिडी तिथेच, दाराआड उभी होती.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. अक्काने ताट झाकून ठेवलं, दोनदा उघडून पाहिलं, आणि तिसऱ्यांदा समोर येऊन बसली.

"काय झालं? साहेब बोलले?"

"नाही."

"पडलास कुठून?"

"नाही गं."

"मग तोंड का असं? दाढ दुखते?"

नानांनी सांगितलं. तिच्याशिवाय कुणाला सांगणार? फळ न धरणारे काढत गेलो, ते सगळे नर होते. शेवटचा कधी काढला तेही आठवतंय, तिघा भावांतल्या मधल्यावर, केवढा मोठा होता. उतरवताना म्हणालो होतो, खा आता दुसरीकडे जाऊन.

 मातीने काळी झालेली नखं अक्का एकमेकांवर घासत होती.

"न धरणारं म्हणून काढलंस," ती म्हणाली. "मलाही असंच काढलं होतं की रे, एका घरातून. दोष कुणाचा होता हे कुणी बघायला गेलं का?"

पन्नास वर्षांत ती हे एकदाही बोलली नव्हती. नानांनी मान खाली घातली. तिने ताट पुढे सरकवलं.

"जेव. आणि उद्या जाऊन सांग."

"नोकरी जाईल."

"नोकरी तशीही जायचीच आहे. किती वर्षं वाढवतील? तू काय साल आहेस दर वर्षी वाढायला?"

पण नाना गेले नाहीत. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. माणसाला अभिमान जड असतो; तो एका दिवसात खाली ठेवता येत नाही. बाई समोरून आल्या की नाना आकडीची धार बघत. फुलं अजून आठ-दहा दिवस टिकणार होती. त्यातले दिवस एकेक करून निघून जात होते, आणि बाई सगळ्या ओळखीच्यांना फोन लावत होत्या: कुणाच्या बागेत, कुणाच्या रानात, नर काचमणी आहे का? उत्तर एकच यायचं. नाही.

चौथ्या दिवशी टाकीचं झाकण उघडून पाणी बघण्याचं काम नानांकडे आलं. मागच्या भिंतीशी उंचाडा उभा. त्याच्या सावलीत टाकीचं पांढरं झाकण. झाकणावर बारीक काहीतरी पडलं होतं, पिवळसर, राळ्याच्या दाण्यांसारखं. नानांनी एक उचललं आणि चिमटीत चोळलं. बोटाला पिवळी भुकटी लागली. त्यांनी फूल उलटं करून, डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. पाकळीच्या पोटात पोळ्यासारखी भोकं.

नाना झाकणावरच बसले.

उंचाड्याचं एक गुपित होतं, आणि ते नानांचंच होतं. नाना एकोणीस वर्षांचे असताना त्यांचे वडील या झाडावरून पडले. फांदी मोडली, आवाज झाला, आणि खाली उभ्या असलेल्या मुलाच्या हातातला दोर एकदम सैल पडला. एवढंच. त्याआधी नाना उंचाड्यावर कधी चढले नव्हते, आणि त्यानंतरही चढले नाहीत. दर वर्षी झाडांच्या सफाईच्या वहीत पाचही झाडांसमोर लिहावं लागे, आणि दर वर्षी नाना उंचाड्यासमोर 'साफ' लिहीत. एक दिवस त्याच्या बुंध्याशी बसून डबा खात, संध्याकाळी आकडी उचलून घरी येत. झाड दाट, बारा महिने हिरवं. खालून शेंडा कुणालाच दिसत नसे. बाईंनी ती वही वाचली होती. जे झाड नानांनी साफ केलंय तिथे शोधायचं काय? म्हणून दुर्बीण घेऊन त्या सगळीकडे फिरल्या, पण उंचाड्याखाली कधी थांबल्या नाहीत.

चाळीस वर्षं जे काम मन लावून केलं, त्याने काचमणी संपवलं. आणि जे एकच काम चुकवलं, ते तिथे वर, पानांत, जिवंत होतं. नानांना हसावं की रडावं कळेना. आता सांगायचं तर दोन्ही सांगावं लागणार होतं.

ते तसेच उठले आणि बाईंच्या खोलीत गेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"नर मी कापले, बाई."

बाईंनी वर पाहिलं.

"फळ धरत नव्हते म्हणून. दर वर्षी. धरत्यांना पाणी मिळावं म्हणून काढले. तुम्ही डहाळी दाखवलीत ती मण्यांची होती. तशी नव्हती ती मी काढली."

"किती?"

"होते तेवढे."

बाई उठल्या, खिडकीशी गेल्या. पाठमोऱ्याच बोलल्या, आणि आवाज चढलेला होता. "इतकी वर्षं मी हवेला दोष दिला, नाना. लोकांसमोर उभं राहून दिला. लेख छापले. तुम्ही माझी शिडी धरून उभे होता! एकदा विचारायचं होतं. एकदा!"

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?" नाना म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. पण शब्द गेला होता.

बाई वळल्या. कितीतरी वेळ त्या नानांच्या हातांकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवर बसल्या. "खरं आहे," त्या हळू म्हणाल्या. "मी पुस्तकाला विचारलं. रोज झाडावर चढणाऱ्याला विचारलं नाही."

"आणखी आहे," नानांनी मूठ उघडून टेबलावर धरली. तळहातावर पिवळी फुलं होती. "वहीत उंचाडा साफ लिहिलाय. तो मी कधीच साफ केलेला नाही."

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी अक्काला उंचाड्याचंही सांगितलं. उद्या सकाळी चढणार म्हणाले. अक्काला आश्चर्य वाटलं नाही.

"तू चढत नाहीस हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या सदऱ्याने. त्या दिवशी त्याला घाम नसायचा. धुणं कोण धुतं या घरात?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? चढ म्हणायचं?" तिने दिवा जरा पुढे ओढला आणि दोराची एकेक पीळ बोटांनी तपासायला घेतली. "सावकाश जा. झाड आता तेवढंच म्हातारं आहे जेवढा तू आहेस. एकमेकांना सांभाळून घ्या."

सकाळी ऊन शेंड्यावर आलं तेव्हा नाना चढले. खाली बाई उभ्या, बाजूला अक्का टाकीच्या झाकणावर बसलेली. चढण्यापूर्वी नानांनी कोयत्याच्या पाठीने बुंधा ठोकला. भरीव आवाज आला. तळवे सालीला लागले आणि पायांना रस्ता आठवला. नाना कधी न गेलेल्या जागेचा रस्ता त्यांच्या पायांना कसा आठवला, हे सांगता येणार नाही. निम्म्या उंचीवर एक जुना खुंट होता. फांदी मोडल्याची जागा. तिच्याभोवती सालीने गोल कडं भरत आणलं होतं, पण तोंड अजून पुरतं मिटलं नव्हतं. नाना तिथे थांबले.   नानांनी खुंटावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग वरची फांदी धरली.

वर, जिथे उंचाड्याची पानं आभाळाला लागत होती, तिथे तो होता. टोपल्याहून मोठा गोल झुपका, नानांच्या नोकरीएवढ्याच वयाचा असावा. अंगभर पिवळट फुलं आणि त्यांच्याभोवती चिलटांएवढ्या माश्या. एवढ्याशा माश्या इथून म्हाताऱ्यापर्यंत कशा जाणार? मध्ये कचेऱ्या झाल्या होत्या, रस्ता झाला होता, औषधाचा धूर होता. तो इथे भुकटी उडवत बसला होता, त्या तिघी तिथे वाट बघत होत्या. नानांच्या हाताला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना की पातं कसं धरावं. शेवटी त्यांनी आकडी बाजूला अडकवली आणि नखाने तीन कोवळ्या डहाळ्या खुडल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या, डब्यात घातल्या.

नाना खाली आले. अक्काने सदरा चाचपून पाहिला. ओला चिंब होता.

"आज धुवायला हरकत नाही," ती म्हणाली.

पुढचे चार दिवस नाना आणि बाई म्हाताऱ्यावर होते. फुलं तशी संपत आलेली. रंगाच्या बारीक ब्रशाने भुकटी उचलायची, ओलसर बटणाला टेकवायची, पुढच्या फुलाकडे जायचं. बाई शिडीवरून खालच्या झुपक्याला, नाना फांदीवर पालथे पडून वरच्या दोघांना. काम बारीक, आणि मान मोडून येई. वेळ जावा म्हणून बाई बोलत.

"या तिघी बहुतेक एकाच आईच्या, नाना. सख्ख्या बहिणी. तो वरचाही यांचाच भाऊ निघाला तर पोरं होतील, पण नाजूक होतील. एकच दोष दोन्ही बाजूंनी आला की पोराला त्यातून सुटका नसते. जनुकं दोन वेगळ्या घरची मिसळायला हवीत."

"जनुकं म्हणजे?"

"आई-बापाकडून पोराला मिळालेली शिदोरी म्हणा. पानं कशी करायची, मणी कसा भरायचा, उन्हात कसं तगायचं, सगळं त्यात लिहिलेलं. माणूस चालत जाऊन दुसऱ्या गावची सोयरीक आणतो. यांना चालता येत नाही. पराग नेण्यासाठी माशी, बी नेण्यासाठी पाखरू. एवढ्यावर यांचं गणगोत."

"आणि ज्याच्या अंगावर बसलेत, त्या झाडाचं काही येत नाही का यांच्यात?"

बाईंचा ब्रश थांबला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. इतकी वर्षं त्याचं पाणी पितात, म्हणून विचारलं."

"काही जातींत येतं," बाई म्हणाल्या. "झाडाच्या शिदोरीतले बारके तुकडे त्यांच्यात सापडलेत, कुठल्या काळी शिरले कोण जाणे. अमरवेल तर दोन झाडांवर पसरली की एकाचे बारीक निरोप दुसऱ्यापर्यंत जातात तिच्यातून. पण आपल्या काचमण्यात कुणी बघितलेलं नाही." पुढच्या फुलाला ब्रश टेकवत म्हणाल्या, "असे प्रश्न तुम्ही आधी का विचारले नाहीत, नाना?"

"काम कापायचं होतं ना, बाई."

दोन महिन्यांनी तपासणीचा कागद आला. उंचाड्यावरचा नर या तिघींचा कुणीच नव्हता. कुठल्या तरी लांबच्या, आता नसलेल्या रानातून, कुठल्या तरी पाखराने त्याचं बी आणलं असावं. बाईंनी कागद दोनदा वाचून दाखवला.

मणी धरले होते. मोहरीएवढ्या हिरव्या गाठी, पण धरले होते. पिकायला पावसाळा ओलांडावा लागणार होता. साहेब कपाळाला हात लावून बसले, मग त्यांनी म्हाताऱ्याला लोखंडी टेकू लावून घेतला आणि झाड उतरवण्याचा दिवस पुढे ढकलला. नाना रोज सकाळी टेकू हलवून बघत. एका वादळी दुपारी वरची मोठी फांदी दोन झुपक्यांसकट खाली आली. नाना कचेरीतून धावले तेव्हा कोवळे मणी चिखलात दबले होते. त्यांनी ते धुतले, बाईंना दिले. बाईंनी एक चिरून पाहिला आणि मान हलवली. कच्चे होते.  एकच झुपका राहिला, खालचा, बाईंच्या शिडीच्या उंचीचा.

त्याच्यावर सतरा मणी पिकले. काचेसारखे, आत हिरवं बी दिसणारे.

चार मणी नानांनी पाखरांसाठी ठेवायला लावले. बाईंचा जीव होईना, पण नाना हटून बसले. "आपण लावू ते आपल्याला ठाऊक असलेल्या झाडावर. पाखरू कुठे लावील ते आपल्याला सुचणार नाही." उरलेले तेरा त्यांनी स्वतः लावले, तिघा भावांवर आणि अक्काने पिशवीतून वाढवलेल्या दोन पोरसवदा झाडांवर. मणी चिमटीत दाबायचा, बी बाहेर सरकायचं, आणि ते अंगठ्यावरून कोवळ्या फांदीवर पुसायचं. चीक इतका की बी फांदीला चिकटे आणि तार बोटाला लोंबत राही. आयुष्यभर ज्या गोष्टीच्या मागे कोयता घेऊन फिरले ती नाना हाताने झाडाला लावत होते, आणि अक्का खाली खुर्ची टाकून बसली होती.

"नीट लाव रे. कापताना बरा जोर असायचा."

"गप्प बस गं. हात हलतो."

तेरांपैकी पाच बियांना कोंब फुटले. पाचही खाली वाकले आणि सालीला टेकले. नर कोण, मादी कोण हे फुलं येईपर्यंत कळणार नव्हतं, आणि फुलं यायला चार-पाच वर्षं. म्हाताऱ्याला कोरड्या दिवसांत उतरवलं. नानांनीच उतरवलं, वरून खाली, तुकड्यातुकड्याने. छपराचं एक कौल फुटलं नाही.

त्यानंतर नानांनी साहेबांना सांगितलं की आता वर्ष वाढवू नका. जायच्या आठवड्यात बाईंनी त्यांना बोलावलं. यापुढे झाडांवर चढतील त्यांच्यासाठी सूचना लिहायच्या होत्या, आणि त्या नानांनी सांगायच्या होत्या. नाना सांगत गेले, बाई लिहीत गेल्या. बसकेच्या खालून कापावं. बुंधा ठोकून चढावं. काचमण्याचा एकही झुपका कापू नये, फळ असो वा नसो.

"पुढे लिहा," नाना म्हणाले. "न धरणारे झुपके मी एकेक करून कापले. ते नर होते. म्हणून मणी येणं थांबलं. आणि उंचाडा साफ आहे असं मी दर वर्षी वहीत लिहिलं, ते खोटं होतं."

बाईंचं पेन कागदावर टेकलं नाही. "नाना, सूचनांत असं लिहीत नाहीत. आणि लेखातली चूक मी माझ्या नावाने दुरुस्त केली आहे. तुमचं नाव कुठे येण्याची गरज नाही."

"नुसतं 'कापू नये' लिहिलंत तर कोण ऐकेल? मी ऐकलं नसतं. मी म्हटलं असतं, लिहिणाऱ्याला काय कळतं."

"लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील?"

 नानांना खरंच माहीत नव्हतं लोक काय म्हणतील. "म्हणतील ते म्हणतील," ते म्हणाले. "लिहा. आणि खाली नाव घाला. आकडीनाना नको. पगाराच्या कागदावरचं घाला."

बाईंनी लिहिलं. नानांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला, एकेका ओळीखाली बोट फिरवत सगळा वाचला, 'खोटं' या शब्दापाशी बोट थांबलं, पुढे सरकलं, आणि त्यांनी खाली सही केली.